गृहीत आणि सिद्ध : भूमितीच्या पायाचा विचार

पेडणे तालुक्यातील केरीच्या तीरावर उभे राहिले म्हणजे समोर तेरेखोल नदीचे मुख आणि पैलतीरावर तेरेखोलचा किल्ला दिसतो. या पात्रावर दोरी टाकून रुंदी मोजणे शक्य नाही. तथापि भूमिती जाणणारा मनुष्य नदी न ओलांडता ती मोजू शकतो. किल्ल्याच्या एका कोपऱ्यासमोर तो ऐलतीरावर एक खुंटी रोवतो व तेथून काटकोनात शंभर पावले जाऊन दुसरी रोवतो. या दुसऱ्या खुंटीपाशी कोपऱ्याच्या दिशेशी जो कोन होतो, तेवढाच कोन तो जमिनीच्या बाजूस आखतो आणि कोपऱ्यापासून पहिल्या खुंटीकडे येणारी रेषा मागे वाढवितो. या दोन रेषा जेथे मिळतात, तेथून पहिल्या खुंटीपर्यंतचे अंतर हेच कोपऱ्याचे अंतर होय. एक बाजू व तिच्या टोकांचे दोन कोन ठरले की त्रिकोण ठरतो, एवढाच या रीतीचा आधार आहे. समुद्रातील गलबतांचे अंतर काढणाऱ्या थेलीझला हा सिद्धांत अवगत असलाच पाहिजे, असे युडीमसचे मत प्रोक्लसने नोंदविले आहे.

किती दिले असता आकृती ठरते, हा भूमितीचा मूळ प्रश्न होय. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत बौधायनाने आयताच्या कर्णाचा सिद्धांत सांगितला, पण उपपत्ती दिली नाही. पुढे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘लीलावती’त हा प्रश्न स्पष्टपणे हाताळला. चार बाजू तेवढ्या सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि ते सांगणाऱ्यालाही त्यांनी पिशाच म्हटले. कारण कर्ण किंवा लंब दिल्यावाचून चौकोन निश्चितच होत नाही. ज्या आकृतीची एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेएवढी किंवा तिच्याहून मोठी असेल, तिला त्यांनी ‘अक्षेत्र’ ठरविले. चाळीसगावानजीक पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे.

युक्लिडने इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास हाच प्रश्न आणखी मागे नेला. सर्व सिद्धांत सिद्ध करावयाचे, तर प्रारंभी काय गृहीत धरावे? त्याच्या पाच गृहीतकांपैकी समांतर रेषांविषयीचे पाचवे इतरांइतके उघड नव्हते. ते उरलेल्या चारांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न दोन सहस्र वर्षे चालले. अखेर लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये व बोल्याईने १८३२ मध्ये ते सोडूनही सुसंगत भूमिती रचता येते असे दाखविले. १८५४ मध्ये रीमानने अवकाशाची कल्पनाच व्यापक केली, आणि १८९९ मध्ये हिल्बर्टने गृहीतकांची नवी मांडणी केली.

या परंपरेशी गोव्याचे नाते जोडले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी इतिहासकार म्हणून आपणांस अधिक परिचित आहेत. पण त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा. १९३३ मध्ये एका जर्मन गणितपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी अंतर मोजण्याचे माप प्रारंभी गृहीत न धरता वाटांपासून, म्हणजे दुसऱ्या क्रमाच्या अवकल समीकरणांनी ठरणाऱ्या वक्रांपासून, भूमिती उभी केली. त्याच खंडात एली कार्तां यांनी त्यावर आपली निरीक्षणे मांडली. पुढे १९३९ मध्ये चर्न यांनी हा विचार विस्तारला. म्हणून तो आज कोसंबी-कार्तां-चर्न या नावाने ओळखला जातो.

आपल्या वर्गांत मात्र सिद्धांत पाठ होतो आणि गृहीत विस्मृत होते. विद्यार्थ्याच्या हाती प्रथम चार सारख्या काड्या द्याव्यात आणि त्यांची टोके सैलसर बांधून चौरस करावयास सांगावा. एक कोपरा दाबला की बाजू त्याच राहतात, पण चौरस कलतो आणि क्षेत्रफळ घटते. मग कर्णाची पाचवी काडी बांधावी म्हणजे आकृती स्थिर होते. भास्कराचार्यांनी पिशाच कोणाला म्हटले, हे त्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही.