बाप, लेक आणि विमान: साधनं नसलेल्या विषयाची साधनं

पेटच्या तयारीत असलेल्यांचा मला नेहमी येणारा प्रश्न एकच असतो: "विषय आवडलाय, पण साधनं कुठून आणायची?" गाइडही मुलाखतीत हेच विचारतात. म्हणून आज असा एक विषय घेते, ज्याची साधनं जवळजवळ नाहीत असंच वाटतं. घरात मोठ्या माणसाने आणि मुलाने मिळून विमान बनवणं. कागदाचं, बाल्साच्या लाकडाचं, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत पडद्यावरचं.

खेळण्याला दप्तर नसतं. ते मोडतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, घर बदललं की भंगारात जातं. वहीच्या पाठच्या पानाचं विमान कुठल्या पुराभिलेखागारात सापडणार? मग उरते ती आठवण. आणि आठवणीवर इतिहास कसा उभा करायचा, हे शिकायला जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नेमकं विमानाचंच आहे.

१९०८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सेंच्युरी' मासिकात राइट बंधूंच्या नावाने एक लेख आला. सुरुवातच १८७८ च्या एका संध्याकाळची आहे. वडील मिल्टन राइट हातात काहीतरी लपवून घरात आले आणि मुलांना दिसायच्या आत त्यांनी ते हवेत फेकलं. ते खाली न पडता छतापर्यंत गेलं. बूच, बांबू, पातळ कागद आणि पीळ दिलेला रबर, एवढंच त्याचं सामान. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७० च्या सुमारास बनवलेल्या हेलिकॉप्टरसारख्या खेळण्याचा हा प्रकार. (याच पेनोचं रबरावर चालणारं छोटं विमान १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत लोकांसमोर ११ सेकंद उडालं होतं. तो तिशीतच गेला. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.) विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणं लवकरच मोडलं. मग भावांनी स्वतः तसली बनवायला घेतली, आणि जितकं मोठं बनवावं तितकं ते कमी उडे. आकार दुप्पट केला तर ताकद आठपट लागते हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ते लेखात सांगतात.

आता हा मजकूर संशोधक म्हणून वाचा. घटना १८७८ ची, लेखन १९०८ चं. मध्ये ३० वर्षं. लिहिणारे तेव्हा लहान होते. आणि १९०८ हे साल साधं नाही: त्याच ऑगस्टमध्ये विल्बरने फ्रान्समध्ये आणि सप्टेंबरमध्ये ऑर्व्हिलने वॉशिंग्टनजवळ जाहीर उड्डाणं केली, आणि हे दोघं खरोखर उडतात हे जगाला कळलं. अशा वेळी माणूस आपली गोष्ट कुठून सुरू करतो, ही निवडच बोलकी असते. याचा अर्थ खेळण्याची गोष्ट खोटी, असा अजिबात नाही. मला ती खरीच वाटते. पण १८७८ मध्ये काय झालं याचा तो पुरावा आहेच, शिवाय १९०८ मध्ये त्या दोघांना काय आठवावंसं वाटलं याचाही आहे.

मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. वडील त्या प्रसंगात येतात, खेळणं फेकतात आणि निघून जातात. पुढच्या मोडतोडीत, नव्या बांधणीत ते कुठे होते? लेखात काही नाही. आणि तरीही २५ मे १९१० ला हेच मिल्टन राइट, वय ८१, ऑर्व्हिलच्या शेजारी बसून आयुष्यात पहिल्यांदा विमानातून गेले. अपघात झाला तर दोघंही जायचे, म्हणून मुलांनी एकत्र उडू नये असा त्यांचा आग्रह असे. फक्त त्या दिवशी त्यांनी परवानगी दिली आणि दोघं भाऊ एकत्र उडाले. ३२ वर्षांच्या या नात्याची दोन टोकं आपल्याला दिसतात, मधलं बहुतेक दिसत नाही. विमान नोंदलं जातं, शेजारी बसलेला माणूस सुटतो.

आपल्याकडे काय? मराठी वाचक लगेच शिवकर बापूजी तळपदे म्हणणार. १८९५, चौपाटी. तिथे अडचण उलटी आहे: गोष्टी भरपूर आणि समकालीन भक्कम पुरावा हाती नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तपासणी केली आणि ग्रंथ विसाव्या शतकातला, त्यातली विमानं न उडणारी, असा निष्कर्ष काढला. कमेंटमध्ये यावर भांडू नका, वेगळी पोस्ट करेन.

त्यापेक्षा आपल्या विषयाला जवळचं उदाहरण कांदिवलीतलं. चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी घरच्यांच्या साथीने सहा आसनी विमान बांधलं. गच्चीवरून ते क्रेनने उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. हे घरगुती विमान इतिहासात का शिरलं? कारण त्याला नोंदणी लागली. अर्ज, नियम, पत्रव्यवहार, बातम्या. सरकारी कागदाला स्पर्श झाला की घरातली गोष्ट साधन बनते. ज्या हजारो घरांत एनसीसीच्या एअर विंगमधून किंवा शाळेच्या छंदवर्गातून आलेलं मॉडेल वडिलांनी रात्री फेव्हिकॉलने चिकटवून दिलं, त्या घरांना असा कागद मिळाला नाही.

इथे व्हिडिओ गेम येतात, आणि एका इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्यांच्यात रस का असावा हेही.

सुरुवातीचे विमानाचे गेम उडवण्याचे होते. ब्रूस आर्टविकचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टूवर आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या पीसीसाठी आणला. विमान तयार मिळायचं, तुम्ही फक्त बसायचं. बांधण्याची गोडी मोठ्या प्रमाणावर लागली ती नंतर. मेक्सिको सिटीतल्या 'कर्बल स्पेस प्रोग्राम'ची पहिली आवृत्ती जून २०११ मध्ये आली. त्याचा कर्ता फेलिपे फालांगे पोरवयात फटाक्यांच्या रॉकेटवर चांदीच्या कागदाची छोटी माणसं बसवून उडवायचा, त्यांचं नाव कर्बल. (दिवाळीत हे न केलेला माणूस मला दाखवा.) 'सिंपलप्लेन्स' २०१५ मध्ये पीसीवर आला, तो साध्या फोनवरही चालतो. यात ठोकळे जोडून विमान बनवायचं. लाल गोळा वजनाचा मध्य दाखवतो, निळा पंखांच्या उचलीचा. निळा लालच्या पुढे गेला की विमान नाक वर करून कोलांटी मारतं. बांधलेलं विमान इतरांसाठी ठेवता येतं. दुसरा कोणी ते उतरवून घेतो, बदलतो, परत ठेवतो. आणि त्या नव्या विमानाच्या पानावर मूळ विमानाचं नाव आपोआप लागतं.

हे वाचून माझे तर कानच टवकारले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना पोथीवरून पोथी कशी उतरली, कुठली कोणाची नक्कल, याची वंशावळ अभ्यासकांनी पाठभेद जुळवून लावली. आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. इथे वंशावळ यंत्रच लिहून ठेवतंय! खेळण्याच्या इतिहासात असं साधन पूर्वी कधी नव्हतं.

पण हुरळून जाऊ नका. ही वंशावळ एवढंच सांगते की सुरुवात अमुक फाइलीपासून झाली. किती ठेवलं, किती टाकलं, ते सांगत नाही. आणि कोणी नुसतं बघून पहिल्यापासून बांधलं तर नातं असूनही नोंद नाही. शिवाय मिल्टन राइटांचा प्रश्न जिथल्या तिथे: पानावर एकच टोपणनाव असतं. खुर्चीत दोन माणसं होती की एक?

याचं उत्तर मला मिरजोळ्यात थोडंफार मिळालं. रत्नागिरीची धावपट्टी मिरजोळ्याला लागूनच आहे, तटरक्षक दलाचा तळही तिथेच. विमानाचा आवाज इथल्या पोरांना नवा नाही. माझे मामा मिरजोळे एमआयडीसीत लेथवर आहेत, मामेबहीण नववीत. दोघांचं विमानांचं वेड मला ऐकून माहीत होतं. "तुम्ही दोघं मिळून खेळता का?" असं विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं: "मी नाही गो खेळत. मी फक्त चुका काढतो." मुलाखत घेणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा. आपला शब्द 'खेळणं', त्यांचा शब्द 'चुका काढणं'. आपल्याच शब्दात विचारत राहिलो तर उत्तर नकारार्थी येतं आणि एक अख्खं नातं टिपणातून गळतं. "मग शेवटची चूक कुठली काढलीत?" एवढं म्हटलं, आणि मामा तासभर बोलले. लेथच्या चकात जॉब नीट बसला नाही की कसा थरथरतो, तसंच शेपूट जड झालं की विमान कसं डोलतं, नाकात वजन का टाकायचं. निळ्या गोळ्याला ते 'उचल' म्हणतात, लाल गोळ्याला 'वजन'. पाठ्यपुस्तकापेक्षा बरं.

राइट बंधूंची आठपट ताकदीची गोष्टही तिथे भेटली. लेकीने चालणारं विमान सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं आणि ते जमीन सोडेना. पंख चौपट झाले, वजन आठपट. मामांनी हे तिला विटेवर वीट ठेवून दाखवलं म्हणे, अंगणात.

पण खरं साधन निघालं ते त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. इतरांसाठी ठेवलेलं विमान एकच होतं, आणि त्याच्या पानावर मामांचा मागमूस नाही. घरात जपून ठेवलेल्या, कोणाला न दाखवलेल्या फाइली मात्र ६३. मामांची बऱ्याचदा दुसरी पाळी असते. ते घरी येतात तेव्हा लेक झोपलेली, सकाळी ती शाळेला जाते तेव्हा ते झोपलेले. मग तिने विमान सेव्ह करताना नावातच निरोप लिहायला सुरुवात केली. नावं रोमन अक्षरांत आहेत, मी देवनागरीत देते: 'बाबा बघ'. 'शेपूट छोटं केलं'. 'उडालं पण उतरत नाही'. 'आज पण उशीर'. आणि मध्येच मामांची, कारण त्यांनीही तोच रस्ता धरला: 'नाक जड कर'. 'चाकं मागे घे'. 'जेवलीस का'. तिच्या फाइलींची वेळ रात्री आठ-नऊची, त्यांच्या फाइलींची मध्यरात्र उलटून गेलेली.

'जेवलीस का' नावाचं विमान मी उघडून बघितलं. आदल्या विमानात आणि त्यात काहीही फरक नाही. एक ठोकळासुद्धा हललेला नाही. विमानांचा इतिहास लिहिणारा ही फाइल दुबार प्रत म्हणून बाजूला टाकेल. मला विचाराल तर ६३ मधली ती सगळ्यात महत्त्वाची.

पत्रव्यवहार म्हणून वाचता येणारी साधनं अशी असतात, पत्रासारखी न दिसणारी. म्हणून तांत्रिक गोष्टी सांभाळा. फाइल गेममध्ये उघडून पुन्हा सेव्ह झाली की तारीख बदलते आणि तुमचा रात्रपाळीचा पुरावा गेला. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत घ्या, वेळा वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा, आणि काम नेहमी प्रतीवर करा. कॉपी करतानाही काही वेळा नवी तारीख लागते, तेव्हा मूळ लॅपटॉपवरची यादी स्क्रीनशॉट काढून ठेवलेली बरी. हे घाईचं काम आहे. लॅपटॉप फॉरमॅट करायला द्यायचं मामांच्या घरात दोनदा ठरलंय, कारण बारावीपर्यंत तो चालवायचाय.

आणि संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिच्या डेटासाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते. संशोधनाला काही सवलती आहेत, त्या तुमच्या विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीकडून समजून घ्या. पण फक्त पालकाच्या सहीवर थांबू नका, विशेषतः पालक स्वतःच साधनातलं दुसरं पात्र असेल तेव्हा. मामांनी सही लगेच केली. "घेऊन जा सगळं, त्यात काय आहे?" लेकीने यादी मागितली. जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसली, ६३ नावं एकेक करून वाचली आणि नऊ नावं खोडली. कारण विचारायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. ती नऊ वगळून बाकीच्या ५४ मधूनच वरची नावं दिली आहेत.