वड्याची गाडी आणि शंभर फूट

परवा क्युपर्टिनोत हापिसाजवळ टाकोच्या ट्रकपुढे रांगेत उभा होतो. सोबत नुकताच देशातून आलेला मित्र. ट्रकवर डकवलेला परवाना वाचून म्हणाला, "गाडीवर खायलाही एवढे कागद?" मला आमच्या नाक्यावरचा वडेवाला आठवला. पालिकेची गाडी दिसली की तो उकळत्या तेलाच्या कढईसकट बोळात पळायचा. आम्हा पोरांना तेव्हा गंमत वाटायची!

इथला आरोग्याचा परवाना सांता क्लारा काउंटी देते. नियम मात्र अख्ख्या कॅलिफोर्नियाला एकच. सध्याची संहिता १ जुलै २००७ पासूनची. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ च्या खाली. हात धुवायला ट्रकमध्येच गरम पाणी. ट्रकने रोज ठरलेल्या तळावर जाऊन सांडपाणी सोडायचं, सफाई करायची. तासापेक्षा जास्त थांबायचं तर २०० फुटांच्या आत कामगारांसाठी स्वच्छतागृह हवं. जाच वाटतो खरा. पण २०१४ साली फिलाडेल्फियात एका ट्रकमधल्या गॅसच्या टाकीचा स्फोट होऊन आई आणि मुलगी दोघी गेल्या. असं काही वाचलं की जाच वाटेनासा होतो.

मात्र सगळेच नियम पोटाच्या काळजीने केलेले नसतात. लॉस एंजेलिस शहरात एक नियम होता: रेस्टॉरंटपासून शंभर फुटांच्या आत ट्रकने विक्री करायची नाही. आता शंभर फुटांवर जंतू मरतात की काय? १९७९ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. २००८ मध्ये तिथल्या काउंटीने एका जागी तासाभरापेक्षा जास्त थांबणाऱ्या ट्रकवाल्याला हजार डॉलर दंड किंवा सहा महिने कैद ठरवली. तेही त्याच वर्षी कोर्टात टिकलं नाही. पुढे फुटपाथवरच्या हातगाड्यांसाठी २०१९ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यात स्पष्टच लिहिलं, की धंद्यातली स्पर्धा हे बंदीचं कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडेही २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच.

आमच्या वडेवाल्याला नियम नको होते असं नाही. दाखवायला एखादा कागद असता, तर उकळतं तेल घेऊन पोरांच्या गर्दीतून तो कशाला पळाला असता?