ब्रिथेनिग

ब्रिथेनिग ही लॅटिनपासून निर्माण झाल्याचे कल्पिलेली एक कृत्रिम भाषा आहे. न्यू झीलंडमधील अँड्र्यू स्मिथ यांनी १९९६ मध्ये छंद म्हणून ती तयार केली. रोमन काळात ब्रिटनमधील मूळ केल्टिक भाषेची जागा लॅटिनने पूर्णपणे घेतली असती, तर तेथे आज कोणती भाषा बोलली गेली असती, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यत्वे लॅटिन असून ध्वनिपरिवर्तने वेल्श भाषेच्या धर्तीवर योजलेली आहेत. ही भाषा कॉमरोइग या नावानेही ओळखली जाते. आयएसओ ६३९-३ या मानकात तिला स्वतंत्र संकेत देण्यात आला आहे.

उद्देश

एस्पेरांतोप्रमाणे आंतरराष्ट्रीय संपर्कासाठी किंवा क्लिंगॉनप्रमाणे एखाद्या कथेची गरज म्हणून ब्रिथेनिगची रचना झालेली नाही. ती एक वैचारिक प्रयोग आहे. एस्पेरांतोसारख्या भाषेत रचनाकार आपल्या सोयीनुसार शब्द निवडू शकतो. ब्रिथेनिगमध्ये मात्र नियम आधी ठरतात आणि लॅटिन शब्दावर ते क्रमाने लावल्यावर जे रूप निघते, ते स्वीकारावे लागते. त्यामुळे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, कॅटलान इत्यादी रोमान्स भाषांची ती काल्पनिक भगिनी ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत इ.स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली. इ.स. ४१० च्या सुमारास तेथील रोमन सत्ता संपुष्टात आली. या साडेतीन शतकांहून अधिक काळात लॅटिन ही प्रशासन, सैन्य आणि शहरी व्यवहाराची भाषा होती. हेड्रियनच्या भिंतीजवळील विंडोलांडा येथे सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवरील पत्रांत आणि बाथ येथील शिशाच्या पत्र्यांवरील शापलेखांत तत्कालीन लॅटिनचे नमुने जतन झाले आहेत. चोरीस गेलेल्या वस्तूंबद्दल सुलिस मिनर्व्हा देवीकडे केलेल्या बाथमधील तक्रारींत केल्टिक नावे धारण करणारी सामान्य माणसेही दिसतात.

तरीही गॉल (आजचे फ्रान्स) किंवा हिस्पानिया (आजचे स्पेन व पोर्तुगाल) येथे घडले तसे ब्रिटनमध्ये घडले नाही. बेटाच्या पश्चिम भागात ब्रिथॉनिक केल्टिक भाषा टिकून राहिली व तिच्यापासून वेल्श आणि कॉर्निश भाषा विकसित झाल्या. पूर्वेकडे अँग्लो-सॅक्सन लोकांच्या वसाहतींबरोबर इंग्रजीचा उदय झाला. बोलीभाषा म्हणून ब्रिटनमधील लॅटिन नामशेष झाली. तिचा ठसा प्रामुख्याने वेल्शमधील शेकडो उसन्या शब्दांत उरला आहे.

ध्वनिव्यवस्था

हे उसने शब्द ब्रिथेनिगच्या रचनेचा महत्त्वाचा आधार आहेत. वेल्शमध्ये शिरलेल्या लॅटिन शब्दांत काय बदल झाले हे ज्ञात असल्याने तेच बदल संपूर्ण लॅटिन शब्दसंग्रहास लावून पाहता येतात. काही प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत (उच्चार स्थूलमानाने देवनागरीत दिले आहेत):

• शब्दारंभीच्या लॅटिन 'व'चा 'ग्व' होतो. वेल्शमध्ये 'वीनुम' (मद्य) पासून 'ग्वीन' झाले; ब्रिथेनिगमध्ये 'वेन्तुस' (वारा) पासून 'ग्वेंत' होते.
• स्वरानंतरचा 'त' मृदू होऊन 'द' होतो. वेल्शमध्ये 'पातेर' (पिता) पासून 'पादेर' झाले, मात्र त्याचा अर्थ येशूने शिकवलेली प्रार्थना असा आहे. ब्रिथेनिगमध्ये 'पिता' हा मूळ अर्थ राखून 'पाद्र' होते.
• 'र्त'चा 'र्थ' होतो. वेल्शमध्ये 'पोर्ता' (दार) पासून 'पोर्थ' झाले. ब्रिथेनिगमध्ये 'मोर्तेम' (मृत्यू) पासून 'मोर्थ' होते.
• 'स' व व्यंजन यांच्या आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर येतो. 'स्कोला' (शाळा) पासून वेल्शमध्ये 'अस्गोल' झाले. ब्रिथेनिगमध्ये 'अस्कोल' होते.
• 'क्त'मधील 'क' लोप पावतो. 'लाक्तेम' (दूध) पासून झालेला 'ल्लाइथ' हा शब्द दोन्ही भाषांत एकाच लेखनाने आढळतो. 'नोक्तेम' (रात्र) पासून ब्रिथेनिगमध्ये 'नोइथ' होते.

आद्यव्यंजनातील बदल

इतर रोमान्स भाषांपेक्षा ब्रिथेनिगचे वेगळेपण सर्वाधिक जाणवते ते वाक्यातील स्थानानुसार शब्दाचे पहिले व्यंजन बदलण्याच्या नियमात. हे वैशिष्ट्य वेल्शसह सर्व आधुनिक केल्टिक भाषांत आढळते. मराठीत सामान्यरूप होताना शब्दाचा शेवट बदलतो (घोडा – घोड्याला); येथे मात्र शब्दाचा आरंभ बदलतो. उदाहरणार्थ, 'तेर्रा' (पृथ्वी) या लॅटिन शब्दापासून आलेला ब्रिथेनिग शब्द 'तेर' हा स्त्रीलिंगी उपपद 'ल्ला' नंतर 'देर' असा होतो. 'ए' (आणि) या शब्दानंतर येणाऱ्या आरंभीच्या 'प'चा 'फ' होतो.

इल बेथिसाद

या भाषेला इतिहास आणि भाषक हवेत, या गरजेतून स्मिथ यांनी 'इल बेथिसाद' हे पर्यायी इतिहासाचे विश्व निर्माण केले. पुढे अनेकांच्या सहभागातून ते विस्तारले. ब्रिथेनिगमध्ये या नावाचा अर्थ 'विश्व' असा होतो. वेल्शमधील 'बदसाउद' (विश्व) या शब्दाच्या धर्तीवर ते बनवले असून त्याचे मूळ 'बाप्तिस्मा झालेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. या विश्वात ब्रिथेनिग ही ब्रिटनमधील केम्र या राज्याची भाषा आहे.

ब्रिथेनिगपासून प्रेरणा घेऊन नेदरलँड्सचे यान व्हान स्टेनबर्गन यांनी २००२ मध्ये 'वेनेदिक' ही भाषा तयार केली. तिच्यात लॅटिन शब्दांना पोलिश भाषेची ध्वनिपरिवर्तने लावलेली आहेत. स्टेनबर्गन पुढे आंतरस्लाव्हिक या भाषेच्या निर्मितीतही सहभागी झाले.

पद्धतीच्या मर्यादा

ब्रिथेनिगच्या गृहीतकात एक अंतर्विरोध आहे. वेल्शमधील ध्वनिपरिवर्तने ब्रिथॉनिक भाषेत घडली. ती भाषाच लोप पावली असती, तर लॅटिनमध्ये तेच बदल झाले असते असे निश्चितपणे म्हणता येत नाही. लॅटिन स्वीकारणाऱ्या लोकांनी आपल्या जुन्या उच्चारसवयी नव्या भाषेत आणल्या असत्या, असे मानले तरच हे गृहीतक टिकते.

तथापि यातील काही बदल केवळ वेल्शचे नाहीत. 'वीता' (जीवन) या शब्दाचे स्पॅनिशमध्ये 'विदा' आणि ब्रिथेनिगमध्ये 'ग्वीद' होते. दोन्हींत 'त'चा 'द' झाला आहे. फ्रेंचमध्येही 'लाक्तेम'मधील 'क' टिकलेला नाही. अशा ठिकाणी केल्टिक आणि पश्चिमी रोमान्स भाषांचे मार्ग जुळत असल्याने ब्रिथेनिगची रूपे अधिक संभाव्य वाटतात. याउलट आद्यव्यंजनांतील बदलांची पूर्ण व्यवस्था कोणत्याही प्रमुख रोमान्स भाषेत नाही. त्यामुळे या भाषेतील कल्पनेचा सर्वांत मोठा वाटा तेथेच आहे.