सुरतेचा दुष्काळ आणि आकाशातील किरण

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. त्याआधी चौतीस वर्षे या शहराने जे भोगले, त्याचे स्मरण मात्र आपण क्वचितच करतो. १६३० साली गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत पावसाने दगा दिला. त्या वर्षी नोव्हेंबरात इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून आग्र्यास निघाला, तेव्हा वाटेवर पडलेली प्रेते त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविली. पुढच्या वर्षी पाऊस आला तो असा, की पिके पाण्यात गेली. देहूस तुकोबांच्या घरी ज्या दुष्काळाने मृत्यू आणला तो हाच, असे परंपरा सांगते.

घाला आकाशातून आला, तर कारणही आकाशातच शोधावे, ही माणसाची जुनी खोड. १८७७ साली विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाची गाठ सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याशी बांधली. पुढे १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून वर जाऊन विश्वकिरणांचा शोध लावला, आणि या विचारास नवा आधार मिळाला. सूर्यावर डाग थोडे असतात तेव्हा त्याची चुंबकीय ढाल दुबळी पडते व हे किरण पृथ्वीवर अधिक येतात. विक्रम साराभाईंनी १९४७ साली अहमदाबादेस प्रयोगशाळा स्थापिली, ती याच किरणांच्या अभ्यासासाठी. हे किरण ढगांचे बीज पेरतात, असा तर्क डेन्मार्कचे स्वेन्समार्क यांनी १९९७ साली मांडला.

१६४५ ते १७१५ या काळात सूर्यबिंब जवळजवळ निष्कलंक होते. तेव्हा सुरतेचा दुष्काळही याच खात्यावर मांडण्याचा मोह होतो. पण तारखा आड येतात! १६३० साली त्या काळास अजून पंधरा वर्षे अवकाश होता. इतकेच नव्हे, तर शायनर या जर्मन जेसुइटाचा सूर्यडागांवरील प्रचंड ग्रंथ इटलीत छापून पुरा झाला तो त्याच वर्षी. अर्थात त्या दशकात सूर्यावर डाग होते, आणि ते कागदावर रेखाटलेलेही होते.

१९०४ पासून वीस वर्षे भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचा ताळा घालून पाहिला. तो फारसा जमेना. उलट प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या हेलकाव्याशी आपल्या पावसाचे नाते त्यांना सापडले. जिनिव्हाजवळ सर्न येथे २००९ पासून चाललेल्या प्रयोगांतही विश्वकिरणांचा ढगांवरील परिणाम क्षीणच आढळला.

मग विजेचे काय? तापीकाठचा शेतकरी काय नि खानदेशातला काय, मृगाच्या तोंडावर वीज कडाडली की पेरणीच्या तयारीस लागतो. त्यात त्याचे चुकत नाही. तापलेली भूमी आणि समुद्रावरची दमट हवा यांची गाठ पडली, म्हणजे ढग उंच चढतात आणि वीज चमकते. परंतु ती पावसाळ्याची दवंडी होय. ऋतू घडविणारी शक्ती नव्हे. तिच्या उष्णतेने हवेतील नत्र पावसाबरोबर शेतात उतरतो हे खरे. तथापि तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू त्याहून कितीतरी अधिक नत्र देतात. विश्वकिरणच विजेची पहिली ठिणगी पाडतात, हा रशियन शास्त्रज्ञ गुरेविच यांचा १९९२ सालचा तर्क अद्याप वादात आहे. त्या किरणांचा उपयोग झाला तो निराळाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील केंद्राने १ डिसेंबर २०१४ रोजी एका गडगडाटी ढगातून आलेले म्यूऑन कण मोजले, आणि त्यावरून ढगातील विद्युद्दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे गणित मांडले.

सुरतेकडे पुन्हा वळू. त्या दुष्काळात बादशहा शहाजहान बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत प्रांतात अन्नछत्रे उघडली, असे दरबारी इतिहासकार लिहितो. परंतु माळव्याचे धान्य त्याच बऱ्हाणपूरच्या फौजेकडे जात होते, आणि माळव्याकडून सुरतेस येणारी वाट बऱ्हाणपुरावरूनच होती.