पावणेदहा कोटींची आवड

२००२ साली मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि लोकलच्या डब्यात इअरफोन लावलेले प्रवासी एकाएकी वाढले. मीही त्यांतलाच एक. रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, विन आणि गो अशी पाच नवी केंद्रे लागत. ‘गो’ने इंग्रजी गाण्यांची वाट धरली होती, बाकीच्यांचा भर हिंदी चित्रपटगीतांवर. ज्या शहरात सर्वाधिक लोकांची मातृभाषा मराठी, तिथे मराठी गाण्यांना वाहिलेले एकही खासगी केंद्र नव्हते. हे कोणी ठरवले?

माझ्या मते त्याचे पहिले उत्तर परवान्यात आहे. १९९९च्या धोरणानुसार लहरींचा लिलाव झाला. मुंबईतील एका केंद्राचे वार्षिक शुल्क ठरले ९.७५ कोटी रुपये, आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ. म्हणजे पहिल्या वर्षी दिवसाला सुमारे २ लाख ६७ हजार, तर पाचव्या वर्षी वर्षाला १७ कोटी! बातम्या देण्यास मनाई होती, त्यामुळे भिस्त गाण्यांवरच. शिवाय एका कंपनीला एका शहरात एकच केंद्र. हातात एकुलती एक लहर असताना ती कमी गर्दीच्या वाटेवर नेण्याची जोखीम कोण घेणार? ‘विन’ला तगही धरता आला नाही.

२००५ मध्ये वार्षिक शुल्क जाऊन उत्पन्नातील ४ टक्के वाटा आला. २०११च्या धोरणाने मोठ्या शहरांत एकाच कंपनीला एकाहून अधिक केंद्रांची मुभा दिली. आता तरी निवड बदलेल, असे मला वाटले होते. पण २०१५च्या लिलावात मुंबईतील एका लहरीची बोली १२२ कोटींवर गेली. परवान्याची मुदत १५ वर्षे. म्हणजे वर्षाला पुन्हा आठ कोटींहून अधिक. त्या लहरीवर रेडिओ नशा आले आणि त्यानेही गाणी निवडली ती जुन्या हिंदी चित्रपटांची.

तरीही सगळा दोष हिशेबाला देता येत नाही. परवाने चेन्नईतही महागच होते. पण तिथे मिर्ची तमिळ वाजवते. बंगळुरूत २००१ मध्ये देशातले पहिले खासगी एफएम सुरू झाले ते मिश्र भाषेत. पुढे तिथल्या बहुतेक मोठ्या केंद्रांनी कन्नडची कास धरली. मालक तेच, जाहिरातदारही बरेचसे तेच. फरक आहे तो श्रोत्यांत. चेन्नईचा श्रोता तमिळ गाणे नसेल तर दुसरीकडे वळतो. मुंबईचा मराठी श्रोता हिंदी गाण्यावरही तितकाच रमतो. लता, आशा आणि सी. रामचंद्र ही आपलीच माणसे, मग ते गाणे परके वाटावे कसे? जो न मागता मिळतो, त्याच्यासाठी वेगळा खर्च कोणी व्यापारी करत नाही.

म्हणून त्या पाच केंद्रांची निवड मला आता नुसती लादलेली वाटत नाही. पावणेदहा कोटींनी भीती घातली हे खरेच. पण काटा न फिरवता मीही रोज अंधेरी ते चर्चगेट माझे मत नोंदवतच होतो.