एकच नियमावली, कुठलीही गोष्ट: 'गर्प्स' नेमकं काय आहे?

चार मित्र टेबलाभोवती बसलेत. एकजण म्हणतो, "तुम्ही मोहर्लीच्या जंगलात आहात. समोर वाघाचे ठसे. काय करणार?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात आणि जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. हा झाला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम. प्रश्न विचारणारा तो गेम मास्टर.

वेगळी नियमावली कशाला?

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम तलवार आणि जादूच्या जगासाठी होते. गुप्तहेर किंवा अंतराळाची गोष्ट खेळायची तर नवा गेम, नवे नियम. यावर उपाय म्हणून कुठल्याही गोष्टीला चालतील असे नियम आले. १९८० मध्ये केऑसियम कंपनीचं 'बेसिक रोलप्लेइंग' आणि १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सन यांचं 'गर्प्स', म्हणजे 'जेनेरिक युनिव्हर्सल रोलप्लेइंग सिस्टीम'. त्याची चौथी आवृत्ती २००४ ची.

खेळतात कसं?

प्रत्येक पात्राच्या चार मूळ बाजू: ताकद, चपळाई, बुद्धी आणि प्रकृती. साधारण माणसाला प्रत्येकी १०. ठरलेले पॉइंट खर्च करून त्या वाढवता येतात, कौशल्यं घेता येतात. रागीट स्वभाव किंवा अंधाराची भीती घेतली, तर पॉइंट परत मिळतात.

समजा, वनरक्षकाचं माग काढण्याचं कौशल्य १४ आहे. तीन फासे टाकायचे. बेरीज १४ किंवा कमी आली की माग लागला. ही शक्यता सुमारे ९१ टक्के. पावसाने ठसे पुसट झालेत म्हणून गेम मास्टरने ४ वजा केले, तर १० किंवा कमी हवेत. शक्यता थेट ५० टक्क्यांवर.

आपल्याकडची गोष्ट बसेल?

बसेल. चंद्रपूरच्या जटपुरा गेटवर पहारा देणारा गोंड राजाचा शिपाई, आजच्या ताडोबातला वनरक्षक किंवा सिरोंचा तालुक्यात वडधमला, जिथे डायनासोरचे जीवाश्म सापडले, तिथून थेट त्या काळात पोहोचलेला संशोधक. तिघांनाही तेच तीन फासे.

मर्यादा काय?

नियम तयार मिळतात, जग मिळत नाही. पावसाळ्यात कुठला नाला गावाची वाट अडवतो, मोहफुलं कधी वेचतात, हे पुस्तक सांगणार नाही. ते टेबलावरच्या कुणाला तरी माहीत असावं लागतं. म्हणूनच गडचिरोलीची गोष्ट खेळायला अमेरिकेतल्या प्रकाशकाची वाट पाहायची गरज नाही. सुरुवातीला 'गर्प्स लाइट' ही ३२ पानांची मोफत पुस्तिका पुरते. ती इंग्रजीत आहे, पण टेबलावरची गोष्ट मराठीत, गोंडीत, माडियात, कशातही रंगू शकते.