दाब कमी, ताप जास्त

जानेवारी लागला की कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांचा ताण तोडायची वेळ येते. आंबिया बहारासाठी मुद्दाम तहानलेली ठेवलेली झाडं आता पाणी मागतात आणि विहिरीविहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात. लाइन आहे तेवढ्यात ओलित उरकायचं असतं. अशा वेळी डीपीपासून ज्याचं वावर सर्वांत लांब, त्याची मोटार आधी घुरघुरते आणि मग जळते. ‘व्होल्टेजच नव्हतं,’ असं आपण म्हणतो. पण व्होल्टेज कमी असेल तर मोटार थंड राहायला हवी. ती जळते कशी? याचं उत्तर समजून घ्यायला जर्मनीतल्या एका शाळामास्तरापर्यंत मागं जावं लागतं.

गेऑर्ग ओहम हा कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत तो गणित आणि भौतिकशास्त्र शिकवी. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती प्रवाह जातो, हे त्याला मोजायचं होतं. त्याची अडचण ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्याला हसू येईल. प्रवाह घेतला की त्याच्या बॅटरीचं व्होल्टेजच पडायचं! शेवटी त्यानं बॅटरी बाजूला ठेवली. दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. त्यातून व्होल्टेज अगदी थोडं मिळालं, पण ते स्थिर होतं. १८२७ साली त्यानं नियम पुस्तकात मांडला. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रोध मिळतो. पुस्तकाचं थंडं स्वागत झालं आणि ओहमनं नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ले पदक दिलं ते १८४१ मध्ये.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये, मद्य गाळणाऱ्या कुटुंबातला जेम्स जूल हा विशीतला तरुण पाण्यात तारेचं वेटोळं बुडवून पाणी किती तापतं ते मोजत होता. त्याला दिसलं, की प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीनं जूलचं काम ओहमपेक्षाही मोलाचं आहे. आम्हाला शाळेत सूत्रांचे त्रिकोण पाठ करायला लावले. हा चौपटीचा हिशेब विहिरीवर नेऊन कुणी दाखवला नाही.

आता मोटारीकडे येऊ. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, ही शक्ती. घरातला २३० व्होल्टचा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना जेमतेम ०.४३ अँपिअर घेतो. म्हणजे त्याचा रोध सुमारे ५३० ओहम. व्होल्टेज पडलं की त्याचा प्रवाहही कमी होतो, बल्ब मंद होतो, बिघडत काही नाही. मोटारीचं तसं नाही. तिला तेवढंच पाणी उचलायचं असतं. ५ हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. तेच व्होल्टेज ३०० वर आलं, तर काम भागवायला ती दहाच्या वर अँपिअर ओढते. प्रवाह वाढला सुमारे १.४ पट, आणि जूलच्या हिशेबानं वायंडिंगमधली उष्णता झाली जवळजवळ दुप्पट. मोटार भरून आणायचा खर्च इथं जन्मतो.

पण व्होल्टेज पडतं कुठं? तारेत. डीपीपासून किलोमीटरभर लांब तार धरा, रोध साधारण १ ओहम. तिच्या टोकाला अशा पाच मोटारी लागल्या, तर प्रवाह साडेसदतीस अँपिअर. ओहमच्या नियमानं प्रत्येक फेजमध्ये साडेसदतीस व्होल्ट वाटेतच गळाले. तीन तारांत मिळून सव्वाचार हजार वॅट नुसतेच तापण्यात गेले; ५ हॉर्सपॉवर म्हणजे ३,७३० वॅट. म्हणजे एका पंपाहून जास्त शक्ती तारांनीच खाल्ली. पाचाच्या दहा मोटारी झाल्या की हे नुकसान चौपट.

यावरचा उपाय महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिला आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, ती सुमारे १ लाख व्होल्टवर. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या चंद्रपूर–पडघे वाहिनीतही हेच तत्त्व आहे. १,५०० मेगावॅट वीज, ७५२ किलोमीटरचा पल्ला. दोन तारांमध्ये १० लाख व्होल्टचा फरक, म्हणून प्रवाह फक्त दीड हजार अँपिअर.

मुंबईच्या गिरणीला १९१५ मध्ये मिळालेला न्याय शेतातल्या विहिरीला मिळायला शतक लागलं. २०१८ मध्ये राज्यात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण योजना आली. एक-दोन शेतकऱ्यांना एक छोटं रोहित्र, आणि ११ हजार व्होल्टची लाइन विहिरीजवळपर्यंत. ४१५ च्या जागी ११,००० व्होल्ट म्हणजे प्रवाह सुमारे २६ पट कमी आणि त्याच तारेतली उष्णता जवळजवळ ७०० पट कमी.

जुन्या लाइनीवर ज्यांची मोटार आहे, त्यांनी स्टार्टरच्या पेटीवरचे दोन काटे बघावेत. व्होल्टचा काटा खाली आणि अँपिअरचा वर जाऊ लागला, की मोटार तापत आहे. ओव्हरलोड रिले वारंवार पडतो म्हणून पुष्कळजण तो पुढं सरकवतात किंवा सरळ काढूनच टाकतात. तो मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच लावलेला असावा आणि पडला, की शेजारची मोटार थांबेपर्यंत आपली बंद ठेवावी.